टेंपरेचरचा काटा खोटं बोलतोय की इंजिन खरंच तापलंय? जुन्या स्पोर्ट्स कारचं गेज असं तपासा

उन्हात गेम खेळताना किंवा चार्जिंगला लावून व्हिडिओ बघताना 'फोन गरम झाला आहे' असा मेसेज तुम्ही कधी ना कधी पाहिला असेल. आपण लगेच फोन बाजूला ठेवतो. पण समजा, फोन गारच आहे आणि तो मेसेज दाखवणारा सेन्सरच बिघडलाय, तर? किंवा त्याहून वाईट, फोन भाजतोय आणि मेसेज येतच नाहीये, तर?

माझ्या गाडीच्या बाबतीत मागच्या वर्षी हाच प्रश्न उभा राहिला. त्यातून मी जे शिकलो ते या लेखात क्रमाने सांगतो. गाडी जुनी आणि परदेशी आहे, पण तपासायची पद्धत कुठल्याही जुन्या गाडीला लागू पडते.

आधी गाडीची ओळख

मी मूळचा सांगलीचा, सध्या नोकरीसाठी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ राहतो. इथे मी आणि माझ्या रूममेटने अर्धे अर्धे पैसे घालून १९७८ सालची एमजीबी घेतली. एमजीबी म्हणजे दोन सीटची, वरचं छत उघडणारी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. १.८ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन. १९६२ ते १९८० या काळात ही गाडी बनली आणि ती बनायची ॲबिंग्डनला, म्हणजे आमच्या घरापासून अगदी जवळ. त्यामुळे या भागात अजूनही अशा गाड्या रस्त्यावर दिसतात.

या गाडीत ना कॉम्प्युटर, ना स्क्रीन. डॅशबोर्डवर गोल गेज. टेंपरेचरच्या गेजवर तीनच अक्षरं: सी म्हणजे थंड, एन म्हणजे नॉर्मल आणि एच म्हणजे गरम. डिग्रीचा आकडा कुठेच नाही.

जुलैमधल्या एका रविवारी आम्ही फिरायला निघालो. अर्ध्या तासाने काटा एन सोडून वर सरकायला लागला आणि बघता बघता एचला टेकला. गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. ना वाफ, ना वास, ना गळती. मी रूममेटला म्हटलं, "काही नाही रे, सेन्सर गेलाय."

ऑनलाइन नवीन सेन्सर मागवला, पुढच्या शनिवारी बसवला. काटा पुन्हा एचवर! मग बाबांना फोन केला. त्यांनी उमेदीच्या काळात बरीच वर्षं जीप चालवली आहे.

"बाबा, सेन्सर बदलला तरी काटा वरच जातोय."

"अरे, पण इंजिन खरंच तापतंय का ते बघितलंस का आधी?"

"तसं काही वाटत नाही."

"वाटत नाही म्हणजे काय? काट्याकडे नंतर बघ, आधी पाणी बघ."

खरं सांगतो, मला थोडी लाज वाटली. ऑफिसमध्ये सर्व्हरचा अलार्म वाजला की आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो: सर्व्हरला खरंच त्रास होतोय, की अलार्मच चुकीचा आहे? आणि इथे मी काहीही न मोजता थेट पार्ट बदलून मोकळा झालो होतो.

हे गेज चालतं कसं?

तपासणी करायची तर आधी साखळी समजून घ्यायला हवी. माझ्या गाडीत चार कड्या आहेत.

१. सेंडर. इंजिनच्या हेडमध्ये घट्ट पिळून बसवलेला पितळी सेन्सर. त्याचं टोक कुलंटमध्ये बुडालेलं असतं. आत एनटीसी थर्मिस्टर असतो. तापमान वाढलं की याचा रेझिस्टन्स कमी होतो. तुमच्या मोबाईलच्या बॅटरीचं तापमान मोजायलाही साधारण असाच एनटीसी थर्मिस्टर वापरतात. तत्त्व तेच, फक्त आकार वेगळा.

२. वायर. सेंडरपासून डॅशबोर्डपर्यंत एकच वायर जाते. लुकास कंपनीच्या रंगांच्या पद्धतीनुसार ती हिरवी आणि त्यावर निळी रेघ अशी असते. परतीची वायर नाहीच. सेंडर ज्या धातूत बसलाय त्या इंजिनमधूनच करंट परत जातो. यालाच मेकॅनिक 'बॉडी अर्थ' म्हणतात.

३. गेज. आत दोन धातूंची एकत्र चिकटवलेली पट्टी असते आणि तिच्याभोवती बारीक तार गुंडाळलेली असते. तारेतून करंट गेला की ती तापते, पट्टी वाकते आणि काटा ढकलला जातो. म्हणजे काटा सरकतो तोही उष्णतेनेच. म्हणूनच हा काटा झटकन उडी मारत नाही, सावकाश चढतो.

४. व्होल्टेज स्टॅबिलायझर. डॅशबोर्डमागे लपलेली छोटी डबी. गाडीचं व्होल्टेज स्थिर नसतं. इंजिन बंद असताना साधारण १२, चालू असताना १४ च्या आसपास. व्होल्टेज बदललं की काटाही हलणार. हे टाळायला ही डबी गेजला सरासरी १० व्होल्ट देते. जुन्या डबीत हे कामही वाकणारी पट्टीच करते. करंट सतत जोडायचा, तोडायचा, जोडायचा, तोडायचा, असं करत सरासरी १० वर आणायची. पेट्रोलचं गेजही याच डबीवर चालतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता ही साखळी उलट्या बाजूने वाचा. इंजिन तापलं, सेंडरचा रेझिस्टन्स घटला, करंट वाढला, पट्टी जास्त वाकली, काटा एचकडे गेला. यातली कुठलीही कडी बिघडली तरी काटा खोटं सांगू शकतो.

पायरी शून्य: इंजिन खरंच गरम आहे का?

ही पायरी कधीच सोडू नका. काटा एचला गेला की आधी तो खरा आहे असंच धरून चाला. गाडी सुरक्षित जागी थांबवा, इंजिन बंद करा आणि थंड होऊ द्या.

सावधान: गरम इंजिनवर रेडिएटरचं किंवा कुलंटच्या टाकीचं झाकण कधीही उघडू नका. आत दाब असतो. झाकण साधारण १ बारचा दाब धरून ठेवत असेल तर आतलं पाणी १०० ऐवजी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. झाकण उघडलं की दाब एकदम जातो आणि उकळतं पाणी थेट अंगावर येतं.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर कुलंटची पातळी बघा. पातळी कमी असेल तर गेजचा विषय तिथेच थांबवा आणि गळती शोधा.

पातळी बरोबर असेल तर काट्याशिवाय दुसरा साक्षीदार शोधा. मी तीन वापरले.

पहिला, इन्फ्रारेड थर्मामीटर. पिस्तुलासारखा दिसणारा हा थर्मामीटर लांबूनच तापमान सांगतो. पण एक मेख आहे: चकचकीत धातूवर तो खूप कमी आकडा दाखवतो. म्हणून इंजिन गार असतानाच थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवायचा आणि नेम त्या तुकड्यावर धरायचा. थर्मोस्टॅट म्हणजे कुलंट ठरावीक तापमानाला पोचलं की रेडिएटरकडे जाणारी वाट उघडणारा व्हॉल्व. एमजीबीला नेहमीचा ८२ अंशांचा, थंड प्रदेशासाठी ८८ आणि उष्ण प्रदेशासाठी ७४ अंशांचा मिळतो. बाहेरच्या धातूचं तापमान आतल्या कुलंटपेक्षा थोडं कमी येतं, तेवढं गृहीत धरा.

दुसरा, रेडिएटरचा पंखा. माझ्या मॉडेलमध्ये इलेक्ट्रिक पंखा आहे आणि तो वेगळ्या स्विचवर चालतो. गेजच्या सेंडरशी त्याचा संबंध नाही. काटा एचला आहे आणि पंखा सुरूच होत नाही, तर दोघांपैकी एक जण चुकतोय. कोण, ते थर्मामीटर सांगेल.

तिसरा, गाडीतला हीटर. हीटरमध्ये इंजिनचंच गरम कुलंट फिरतं. इंजिन गरम आहे आणि हीटरमधून अचानक गार हवा यायला लागली, तर कुलंट कमी झालंय असं समजा.

माझ्या गाडीत काय निघालं? काटा एचला टेकलेला, टेपवर आकडा ७९. पंखा बंद. इंजिन अगदी व्यवस्थित होतं. आता कुठे मला 'काटा खोटं बोलतोय' असं म्हणायचा अधिकार मिळाला.

लक्षणावरून अंदाज बांधा

काटा सीवरच पडून, पेट्रोलचं गेज बरोबर: सेंडरची वायर निघालेली किंवा तुटलेली, सेंडर खराब, नाहीतर त्याचा अर्थ तुटलेला.

काटा कायम एचवर, पेट्रोलचं गेज बरोबर: वायरचं आवरण कुठेतरी घासून ती बॉडीला टेकलेली, किंवा सेंडर आतून शॉर्ट.

दोन्ही गेज मेलेली: फ्यूज किंवा स्टॅबिलायझर.

दोन्ही गेज जास्त दाखवतायत: जवळजवळ नक्की स्टॅबिलायझर किंवा त्याचा अर्थ.

काटा खूप उशिरा चढतो आणि हायवेवर खाली उतरतो: हा बहुतेक गेजचा दोष नसतोच. थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय किंवा कुणीतरी तो काढून टाकलाय.

आता प्रत्यक्ष तपासणी

लागणारं सामान: मल्टिमीटर, वायरचा छोटा तुकडा, पाना आणि मोबाईल. मोबाईल कशाला? कुठलीही वायर काढण्याआधी फोटो काढायला. डॅशबोर्डमागे सगळ्या वायरी सारख्याच दिसतात, नंतर आठवत नाही.

१. सेंडरची वायर काढा. इग्निशन चालू, इंजिन बंद. काटा सीवर यायला हवा. तरीही वरच राहिला तर वायर मध्ये कुठेतरी बॉडीला लागतेय.

२. तीच वायर इंजिनच्या स्वच्छ धातूला टेकवा. काटा हळूहळू एचकडे चढायला हवा. तो वरती पोचण्याआधीच वायर सोडा, कारण जास्त वेळ धरली तर गेजची तार जळू शकते. काटा चढला म्हणजे वायर आणि गेज दोन्ही जिवंत आहेत, संशय सेंडरवर. चढला नाही तर संशय वायर, गेज किंवा सप्लायवर. काही गाड्यांमध्ये गेजची रचना वेगळी असते, त्यामुळे आपल्या मॉडेलचं मॅन्युअल आधी बघा.

३. सेंडर तपासा. तो काढून पातेल्यातल्या पाण्यात फक्त टोक बुडेल असा धरा. मल्टिमीटर ओहमवर ठेवा. एक टोक वायरच्या पिनला, दुसरं पितळी अंगाला. पाणी तापवत जा आणि ३०, ६०, ९० अंशांना आकडा लिहून ठेवा. रेझिस्टन्स न अडखळता कमी होत गेला पाहिजे. मध्येच उडी मारली किंवा आकडा बदललाच नाही, तर सेंडर गेला. नेमके आकडे प्रत्येक सेंडरचे वेगळे असतात, ते मॅन्युअलशी जुळवा. आणि थर्मामीटर वापराच. 'पाणी उकळलं म्हणजे १००' हे समुद्रसपाटीला ठीक आहे. महाबळेश्वरला तेच पाणी साधारण ९५-९६ अंशांना उकळतं.

४. स्टॅबिलायझर तपासा. गेजकडे जाणाऱ्या टोकावर मल्टिमीटर लावा. जुना स्टॅबिलायझर असेल तर आकडा शून्य आणि बॅटरीचं व्होल्टेज यांच्यात उड्या मारेल. हा बिघाड नाही, तो तसाच चालतो. इग्निशन चालू केल्यावर सुरुवातीचे काही सेकंद पूर्ण व्होल्टेज दिसतं, तेही बरोबर आहे. पण मिनिटभर थांबूनही आकडा १२ वर अजिबात न हलता उभा राहिला तर समजा की डबी करंट तोडतच नाहीये.

५. अर्थ तपासा. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं सेंडरच्या अंगाला आणि मग स्टॅबिलायझरच्या अंगाला लावा. रेझिस्टन्स शून्याच्या जवळ हवा. सेंडर बसवताना आट्यांवर भरमसाठ टेफ्लॉन टेप गुंडाळली तर हाच अर्थ कमकुवत होऊ शकतो.

माझ्या गाडीत चोर कोण निघाला?

पहिल्या तीन पायऱ्यांत सगळं ठीक. एव्हाना काढलेला जुना सेन्सरही पातेल्यात तपासला. तोही उत्तम! म्हणजे नवीन सेन्सरचे पैसे फुकट गेले.

आणि याच सुमारास, एका संध्याकाळी, गाडी रस्त्यात बंद पडली. पेट्रोल संपलं होतं. पण पेट्रोलचं गेज तर पाव टाकी दाखवत होतं! कॅन घेऊन पंपापर्यंत चालत जाताना डोक्यात प्रकाश पडला. टेंपरेचर जास्त दाखवतंय, पेट्रोलही जास्त दाखवतंय. दोन्हीमध्ये समान काय? स्टॅबिलायझर.

दुसऱ्या दिवशी डॅशबोर्डखाली आडवा झालो. मल्टिमीटर १२ वर ढिम्म. डबी धरून ठेवणारा स्क्रू अर्धवट ढिला. ही डबी त्या स्क्रूमधूनच अर्थ घेते. अर्थ नाही तर आतली पट्टी तापत नाही, पट्टी तापली नाही तर करंट तुटत नाही, आणि गेजला १० ऐवजी थेट १४ व्होल्ट मिळतात. इथे गणित बघा: तारेतली उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.४ चा वर्ग १.९६. म्हणजे पट्टीला जवळजवळ दुप्पट उष्णता! ७९ अंशांचं इंजिन एच दाखवणारच.

आणि तो स्क्रू ढिला केला कोणी? मीच. महिनाभर आधी ब्लूटूथचा रेडिओ बसवताना वायर ओढायला जागा हवी म्हणून मी तो सैल केला होता आणि परत आवळायला विसरलो होतो. हादऱ्यांनी तो हळूहळू आणखी ढिला झाला. आमच्याकडे कोडमध्ये बिघाड आला की आधी विचारतात, शेवटचा बदल कोणी आणि काय केला? गाडीलाही पहिल्या दिवशी हाच प्रश्न विचारला असता तर एक सेन्सर, दोन शनिवार आणि ती पेट्रोलची पायपीट वाचली असती.

स्क्रूखालचा गंज सँडपेपरने घासला, घट्ट आवळला. काटा एनवर आला आणि तिथेच थांबला.

तुमची डबीच मेली असेल तर इलेक्ट्रॉनिक डबी मिळते. इलेक्ट्रॉनिक्सची आवड असेल तर ७८१० हा तीन पायांचा १० व्होल्टचा रेग्युलेटर वापरून घरीही बनवता येते. फक्त त्याला साधारण २ व्होल्ट जास्तीचे लागतात, म्हणजे इंजिन बंद आणि बॅटरी उतरलेली असेल तर गेज थोडं कमी दाखवेल.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ओबीडी स्कॅनर लावून फोनवर तापमान दिसेल का?
एमजीबीसारख्या गाडीत नाही, तिला तो सॉकेटच नाही. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात नव्या पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ओबीडी सक्तीचं झालं. अशा गाडीत स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टर लावून फोनवर कुलंटचं तापमान डिग्रीत दिसतं. गंमत म्हणून सांगतो: गाडी एका बाइटमध्ये आकडा पाठवते आणि ॲप त्यातून ४० वजा करतं. १२२ आले तर ८२ अंश. पण हा आकडाही शेवटी एका सेन्सरवरूनच येतो, हे विसरू नका.

माझ्या नवीन गाडीत काटा कायम बरोबर मध्यावर असतो. चांगलंच ना?
अनेक नव्या गाड्यांत काटा मुद्दाम मध्यावर धरून ठेवतात, म्हणजे थोड्या चढउताराने चालक घाबरत नाही. त्यामुळे तो हलला तर गंभीरपणे घ्या.

कुलंट संपलं तर काटा एचला जाईलच ना?
नाही! हा सगळ्यात धोकादायक प्रकार. सेंडर कुलंटमध्ये बुडालेला असेल तरच बरोबर मोजतो. कुलंट निघून गेलं आणि सेंडर हवेत उघडा पडला तर काटा खाली पडू शकतो. इंजिन मात्र आत जळत असतं. हेड गॅस्केट जातं आणि ॲल्युमिनियमचं हेड असेल तर ते वाकतंही. धावत्या गाडीत काटा अचानक पडला तर 'चला, गार झालं' म्हणून पुढे जाऊ नका, थांबा.

जाता जाता

ऑक्टोबरमध्ये काटा पुन्हा एनच्या वर गेला. पहिला विचार मनात आला तो हाच, "परत तो स्क्रू ढिला झाला वाटतं." गाडी चालवतच राहणार होतो. मग पेट्रोलच्या गेजकडे बघितलं. आदल्याच दिवशी पाच लिटर टाकलं होतं आणि ते बरोबर तेवढंच दाखवत होतं. म्हणजे स्टॅबिलायझर ठीक. थांबलो, बॉनेट उघडलं. पंखा जोरात फिरत होता, टेपवर आकडा १०३. रेडिएटरच्या खालच्या पाइपाची क्लिप सैल झाली होती आणि कुलंट थेंब थेंब गळत होतं.

या वेळी काटा खरं बोलत होता. एकदा खोटं बोलला म्हणून मी त्याचं ऐकलं नसतं तर इंजिन गेलं असतं. संध्याकाळी बाबांना फोन करून सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "आधी पाणी बघितलंस ना? मग झालं."